कन्सोलच्या लढाईत कोण जिंकलं? आधी कुठल्या मुलखात ते सांगा

खडकीचा_खेळिया

मागच्या धाग्यावर गेम खेळायच्या यंत्रांवरून, म्हणजे कन्सोलवरून, ‘सोनीचं प्लेस्टेशन की मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स’ सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी जागतिक विक्रीचा आकडा आणून आदळला. तिथे लिहिलं असतं तर विषयांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

मला विचाराल तर ‘जगभरात कोण जिंकलं’ हा प्रश्नच फसवा आहे. वेगवेगळ्या राज्यांतल्या निवडणुकांची मतं एकत्र मोजून देशाचा मुख्यमंत्री ठरवावा, तसला हा प्रकार. पीएस३ (म्हणजे प्लेस्टेशन ३) आणि एक्सबॉक्स ३६० घ्या. दोन्ही साडेआठ कोटींच्या आसपास खपले, म्हणजे कागदावर बरोबरी. पण जपानमध्ये पीएस३ सुमारे एक कोटी आणि ३६० फक्त सोळा लाखांच्या घरात. तिकडे अमेरिकेत ३६०ने पीएस३ला मागे टाकलं. मग बरोबरी झाली तरी कुठे?

त्याआधीचं उदाहरण तर आणखी मजेदार आहे. सेगाचा मेगा ड्राइव्ह ऑक्टोबर १९८८मध्ये जपानात आला. आदल्याच आठवड्यात निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ बाजारात उतरला होता, त्यामुळे याच्याकडे कोण बघणार! शेवटपर्यंत मायदेशी त्याची विक्री पस्तीस लाखांच्या आसपासच राहिली. निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलची तिथली विक्री १ कोटी ७१ लाख. एनईसी कंपनीचं पीसी इंजिन हे कन्सोलसुद्धा मेगा ड्राइव्हच्या थोडं पुढेच होतं. पण हेच यंत्र ‘जेनेसिस’ नावाने अमेरिकेत गेलं आणि त्याने निन्टेन्डोला घाम फोडला. काही काळ तर ते चक्क पुढे होतं.

यंत्र तेच, आतली चिप तीच. मग फरक कशाने पडला? माझ्या मते माल कुणी विकायला घेतला, सरकारने कर किती लावला आणि दुकानदार कुणाच्या बाजूने उभा राहिला, या तीन गोष्टींनी. गेम्स वगैरे नंतर.

या, भांडा.

---

हिशेबनीस

भांडायच्या आधी आकडे कुठले घ्यायचे ते ठरवा. कंपन्या बहुतेक वेळा दुकानापर्यंत पोचवलेल्या नगांची संख्या सांगतात, गिऱ्हाइकाने घरी नेलेल्यांची नव्हे. एखादं कन्सोल पडायला लागलं की या दोन आकड्यांमधली फट गोदामात धूळ खात असते.

जपानात फामित्सु हे गेमचं मासिक दर आठवड्याला आकडे छापतं, त्यामुळे तिथलं चित्र सगळ्यांत स्वच्छ. अमेरिकेत विक्री मोजणारी संस्था म्हणजे पूर्वीचं एनपीडी, आता सर्काना. ते जाहीरपणे क्रमांक देतात, नग क्वचितच. आणि मायक्रोसॉफ्टने २०१५पासून एक्सबॉक्सचे नग सांगणंच बंद केलं. जी कंपनी हरत असते ती मोजायची पद्धत बदलते, हे आपण इतर धंद्यांतही बघतोच.

---

बटणबहाद्दर

खेळियाराव, लेख छान, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

जपानातल्या एक्सबॉक्सकडे काय नव्हतं? पैसा होता, दुकानं होती. २२ फेब्रुवारी २००२ला विक्री सुरू झाली तेव्हा टोकियोत शिबुयाला खुद्द बिल गेट्स हजर होते. मूळ कंट्रोलर तिथल्या हातांना फार मोठा म्हणून खास लहान कंट्रोलर बनवला, आणि पुढे जगभर तोच चालला. एवढं करून पहिल्या एक्सबॉक्सची जपानातली एकूण विक्री पाच लाखांपर्यंतही पोचली नाही. जगभरात तो दोन कोटी चाळीस लाख खपला!

कारण साधं आहे. तिथल्या माणसाला हवे असलेले गेम त्यावर नव्हते. बंदूक घेऊन धावण्याचा खेळ अमेरिकेत डोक्यावर घेतात, जपानात नाही. वितरणाने पोट भरत नाही.

---

गरमचहा

कॅसेटमध्ये फुंकर मारून गेम चालू करणाऱ्यांनी हात वर करा. बाकी चर्चा चालू द्या.

---

निशिकासाईकर

टोकियोत राहतो म्हणून थोडं लिहितो. आमच्या भागात मराठी घरं बरीच आहेत आणि सगळ्यांची पोरं निन्टेन्डोच्या स्विचवर. एक्सबॉक्स कुणाच्या घरी बघितल्याचं मला आठवत नाही.

बटणबहाद्दर म्हणतात ते अर्धंच खरं. ३६०च्या वेळी मायक्रोसॉफ्टने गेमची उणीवही भरून काढायचा चंग बांधला होता. ‘फायनल फँटसी’चे जनक साकागुची यांना पैसे देऊन ‘ब्लू ड्रॅगन’ करून घेतला. पात्रांची चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाल्या तोरियामांची. तो डिसेंबर २००६मध्ये आला, कन्सोलला थोडी उचल मिळाली आणि पुन्हा सामसूम. म्हणजे जपानी चवीचे गेमही दिले, तरी गाडी सोळा लाखांवरच अडकली.

माझ्या मते एकदा लोकांच्या मनात ‘हे आपल्यासाठी नाही’ असं बसलं की पुढच्या पिढीचं कन्सोलही त्याच खड्ड्यात जातं. आणि मायक्रोसॉफ्टने हा समज स्वतःच पक्का केला. एक्सबॉक्स वन अमेरिकेत नोव्हेंबर २०१३मध्ये आला आणि जपानात सप्टेंबर २०१४मध्ये. पहिल्या चार दिवसांत गेले चोवीस हजारांच्या आसपास. पीएस४ने तिथे पहिल्या दोनच दिवसांत तीन लाख पार केले होते. दुकानदार अशा वेळी काय करतो? एक्सबॉक्सचं कपाट आक्रसत आक्रसत एका फळीवर येतं, मग ते कुणाला दिसतच नाही.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही यादीत नाही. इथली घरं लहान, दिवाणखान्यातला टीव्ही एकच आणि रोजचा बराच वेळ लोकलमध्ये. हातातलं कन्सोल इथे जिंकतं ते त्यामुळे. निन्टेन्डो डीएसचे जपानात जवळपास ३ कोटी ३० लाख नग गेले. सोनीच्या हातातल्या पीएसपीवर ‘मॉन्स्टर हंटर’ खेळायला पोरं समोरासमोर बसायची. टीव्हीला जोडायची मोठी पेटी कितीही ताकदीची असली तरी ती त्या टीव्हीपाशीच अडकून राहणार.

---

खडकीचा_खेळिया

@निशिकासाईकर, फळीचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा झाला. :)

@बटणबहाद्दर, गेम महत्त्वाचे नाहीत असं मी म्हणत नाही. पण सॅटर्नचं काय करायचं ते सांगा. सेगा सॅटर्न जपानात नोव्हेंबर १९९४मध्ये आला, सोबत ‘व्हर्चुआ फायटर’. नाणं टाकून खेळायच्या आर्केडमधला तो खेळ तिथे तुफान चालू होता, त्यामुळे सुरुवात जोरात झाली. शेवटी जपानात सॅटर्न ५७-५८ लाख गेला आणि निन्टेन्डो ६४ गेला ५५ लाख. होय, जपानात सेगाने निन्टेन्डोला हरवलं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता अमेरिका बघा. निन्टेन्डो ६४ अमेरिका खंडांत दोन कोटींच्या वर. सॅटर्न अमेरिकेत जेमतेम वीस लाखांच्या आसपास.

का? मे १९९५, लॉस एंजेलिसचं ई३ हे गेमचं पहिलं प्रदर्शन. सॅटर्न सप्टेंबरमध्ये येणार असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. सेगाच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्के मंचावर आले आणि म्हणाले, आजपासूनच विक्री सुरू, ३९९ डॉलर. पण माल दिला होता फक्त चार दुकानसाखळ्यांना! बाकीचे दुकानदार असे खवळले की केबी टॉइजने सेगाचा माल ठेवणंच सोडलं. गेम बनवणाऱ्यांचे गेमही सप्टेंबरच्या हिशेबाने चालले होते, त्यामुळे नव्या यंत्रावर खेळायला फारसं काही नाही. त्याच दिवशी थोड्या वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ (म्हणजे प्लेस्टेशनची डॉलरमधली किंमत) एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट.

गंमत म्हणजे याच कॅलिन्स्केंनी आधी जेनेसिस वर काढला होता. माणूस मॅटेलमधून आलेला, म्हणजे खेळणी विकण्यात मुरलेला. १९९०च्या सुमारास त्यांनी जपानातल्या संचालकांपुढे बेत मांडला: किंमत उतरवा, पेटीत सेगाचा ‘सॉनिक’ हा गेम फुकट द्या, जाहिरातीत निन्टेन्डोची थेट टर उडवा, अमेरिकन खेळांचे गेम अमेरिकेतच बनवा. संचालकांना यातलं काहीच रुचलं नाही, पण अध्यक्ष नाकायामांनी परवानगी दिली. वॉलमार्ट जेनेसिस ठेवायला तयार नव्हतं, तेव्हा सेगाने वॉलमार्टच्या मुख्यालयाच्या गावी, बेंटनव्हिलला, स्वतःचं दुकान थाटलं, हा किस्सा ते स्वतः सांगतात. अखेर वॉलमार्ट नमलं.

चार-पाच वर्षांत त्याच माणसाच्या हातून आधी दुकानदार जिंकले गेले आणि मग दुखावले गेले. दोन्ही वेळी निकाल त्यानुसारच लागला.

---

बटणबहाद्दर

सॅटर्न जपानात टक्कर देत होता तो ‘फायनल फँटसी ७’ येईपर्यंतच. जानेवारी १९९७मध्ये तो प्लेस्टेशनवर आला आणि सामना संपला. वितरण तेच, दुकानं तीच, कर तोच. फक्त एक गेम बदलला. यावर काय म्हणणं आहे?

आणि तो गेम प्लेस्टेशनकडे गेला कारण निन्टेन्डो कार्ट्रिज (गेमची प्लॅस्टिकची डबी, आपण तिलाच कॅसेट म्हणायचो) सोडायला तयार नव्हता आणि एवढा मोठा गेम कार्ट्रिजमध्ये मावत नव्हता. सीडी स्वस्त, कार्ट्रिज महाग. म्हणजे यंत्राची रचना आणि त्यावर येणारे गेम हेच कारण.

---

भटकी_मीनल

कामानिमित्त साओ पाउलोत काही वर्षं होते. तिथे गेल्यावर माझ्या डोक्यातला कन्सोलचा सगळा इतिहास उलटापालटा झाला, म्हणून लिहिते.

ब्राझीलमध्ये परदेशी माल आणणं म्हणजे कराचा डोंगर, आणि ऐंशीच्या दशकात तर त्यावर निर्बंधही होते. टेकटॉय नावाच्या तिथल्या कंपनीने सेगाशी करार केला आणि अॅमेझॉनच्या जंगलातल्या मनौस शहरात, करसवलतीच्या पट्ट्यात, कन्सोल बनवायला घेतले. तिथला माल देशी ठरतो, त्यामुळे कर वाचतो. सेगाचं मास्टर सिस्टम, जे अमेरिकेत निन्टेन्डोपुढे टिकलंच नाही, ते ब्राझीलमध्ये घरोघरी पोचलं. टेकटॉयच्या हिशेबाने २०१६पर्यंत ऐंशी लाख नग! जगात इतरत्र ते यंत्र संग्रहालयात गेलं तरी इथे नव्याने पेटीत भरून विकलं जात होतं.

गेमही त्यांनी आपलेसे केले. ‘वंडर बॉय’मधला नायक काढून तिथे ‘मोनिका’ बसवली. मोनिका म्हणजे ब्राझीलच्या कॉमिक्समधली हातात निळा ससा घेऊन फिरणारी खमकी पोरगी. आपल्याकडे तेव्हा कुणी फाफे किंवा चिंगी टाकून गेम काढला असता तर?

आणि कराचा विषय जुना झालेला नाही. २०१३मध्ये पीएस४ तिथे ३,९९९ रेआलला आला, एक्सबॉक्स वन त्याहून बराच स्वस्त. सोनीला जाहीर खुलासा करावा लागला की बहुतेक पैसे करातच जातात. निन्टेन्डोने तर जानेवारी २०१५मध्ये करांचं कारण देऊन तिथलं वितरण गुंडाळलं आणि २०२०मध्ये स्विच घेऊन परत आला. मधल्या काळात निन्टेन्डोचे गेम वाईट झाले होते का? तेव्हा बटणबहाद्दर, निदान ब्राझीलपुरतं माझं मत खेळियांना.

---

बटणबहाद्दर

ब्राझील अपवाद म्हणून मान्य. नियम म्हणून नाही.

---

लेस्टरकर

अपवादांची यादी वाढवतो. ब्रिटनमध्ये १९८३-८४ला लोकांना कन्सोलची गरजच वाटत नव्हती. घरोघरी झेडएक्स स्पेक्ट्रम नाहीतर कमोडोर ६४ हा घरगुती संगणक, आणि गेम साध्या टेपच्या कॅसेटवर. मास्टरट्रॉनिक नावाची कंपनी १ पौंड ९९ पेन्सला कॅसेट विकायची, तीही पेपरच्या दुकानात. त्यामुळे अमेरिकेत अटारी ही कन्सोलची कंपनी कोसळून जो हाहाकार झाला त्याचं इथे कुणाला फारसं काही वाटलं नाही.

मग निन्टेन्डो आला. त्याच्या एनईएस कन्सोलचे कार्ट्रिज या कॅसेटच्या कितीतरी पट महाग, आणि वितरणाचं काम मॅटेलकडे. सेगाने काय केलं? वितरण मास्टरट्रॉनिककडेच दिलं. ज्यांना कुठल्या गल्लीत गेम खपतात हे पाठ होतं, त्यांच्याकडे. पुढे त्याच कंपनीतून सेगा युरोप उभी राहिली. अमेरिकेत एनईएसने सेगाला चिरडलं त्याच काळात ब्रिटनमध्ये सेगा पुढे होती.

आणि युरोपच्या गिऱ्हाइकाची कायम उपेक्षा झाली. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारा, जपान-अमेरिकेचा ६०चा. बरेच गेम नीट रूपांतर न करताच पाठवायचे, त्यामुळे सॉनिकसुद्धा इथे सुमारे १७ टक्के हळू धावायचा, वर-खाली काळ्या पट्ट्या. भारतही पालवालाच, पण आपल्याकडे तक्रार करायला मूळ माल होता कुठे?

---

गरमचहा

आमचा मारिओ हळू धावायचा तो म्हणून होय! मला वाटायचं लोडशेडिंगमुळे व्होल्टेज कमी आहे.

---

लॅमिंग्टनचा_पोरगा

मामांचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं, सुट्टीत काउंटरला बसायचो. भारताचं मी लिहितो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे निन्टेन्डो विरुद्ध सेगा वगैरे काही नव्हतंच. ‘टीव्ही गेम द्या’ एवढंच गिऱ्हाईक म्हणायचं. तो म्हणजे तैवान-चीनमधून आलेली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलची नक्कल: मायक्रो जीनियस, मीडिया, लिटल मास्टर, शिवाय नाव नसलेले शंभर. पिवळी कॅसेट, त्यावर ‘९९९९९९ इन १’, आणि आत तेच ‘काँट्रा’, ‘मारिओ’, बदकं मारायची बंदूक. हे कन्सोल कुणाच्याच आकडेवारीत नाहीत. हिशेबनीसांनी या गोदामाचं काय करायचं ते सांगावं.

रशियातही हीच कथा. स्टीपलर कंपनीने १९९२मध्ये अशीच नक्कल ‘डेंडी’ नावाने काढली, बोधचिन्ह हत्ती, टीव्हीवर जाहिराती. त्यांच्या एका अख्ख्या पिढीसाठी टीव्ही गेम म्हणजे डेंडी.

खरा सेगा आपल्याकडे आला होता. १९९५मध्ये. आणणारी कंपनी कोण? शॉ वॉलेस. हो, तीच दारूवाली. ८० टक्के आयातशुल्काला वळसा घालायची ती धडपड होती, तरी मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये! त्या काळात एवढ्यात घरात रंगीत टीव्ही यायचा. कोण घेणार?

पुढे सप्टेंबर २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने ३६० वाजतगाजत आणला, अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना घेऊन. युवराजच्या नावाचा क्रिकेटचा गेमही आला. पीएस३ आला एप्रिल २००७मध्ये, ३९,९९० रुपयांना. म्हणजे एक्सबॉक्स आधी आला, स्वस्त होता, जाहिरात दणदणीत होती. तरी मामांच्या दुकानात दोघांनाही मागे टाकत होता म्हातारा पीएस२. त्याला चिप बसवून मिळायची आणि नकली डीव्हीडी रस्त्यावर मिळायच्या, पुढचं सांगत नाही. सोनीनेही पीएस२ची किंमत उतरवत नेली आणि इथल्या मातीतले गेम काढले. हैदराबादच्या कंपनीचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९चा, ‘देसी अड्डा’ही त्याच वर्षीचा. गेम म्हणून सुमार होते, पण ‘हे तुमच्यासाठी आहे’ असं कुणीतरी म्हणालं.

आजही आपल्याकडे कन्सोल म्हटलं की प्लेस्टेशन, त्याचं मूळ मला त्या पीएस२मध्ये दिसतं. ज्याने पोरपणी तो खेळला त्याने नोकरी लागल्यावर पीएस४ घेतला.

---

हिशेबनीस

नकलांच्या गोदामाचं काहीच करता येत नाही, म्हणूनच भारतातल्या ‘विजेत्या’बद्दल मी तोंड उघडत नाही.

कराबद्दल एक भर: जीएसटी आला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांत होते, जानेवारी २०१९पासून १८मध्ये आले. तरी पीएस५ अमेरिकेत नोव्हेंबर २०२०मध्ये आला आणि आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ला. ४९,९९० किंमत, आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली. एक्सबॉक्स सिरीज एक्स मात्र १० नोव्हेंबर २०२०लाच, जगाबरोबर, त्याच किमतीत भारतात आला होता.

---

बटणबहाद्दर

वा! म्हणजे एक्सबॉक्स वेळेवर आला, किंमत तीच, स्वस्तातला सिरीज एसही सोबत. तरी लोक पीएस५साठी थांबून राहिले. कशासाठी? गेमसाठीच ना?

---

खडकीचा_खेळिया

आणि मित्राकडे पीएस४ आहे म्हणून. त्याच्याशी गेमची अदलाबदल करता येते म्हणून. निशिकासाईकरांनी जपानबद्दल जे लिहिलं तेच इथे प्लेस्टेशनच्या फायद्याचं ठरलं.

@निशिकासाईकर, स्विच २च्या जपानी किमतीबद्दल लिहा ना.

---

निशिकासाईकर

लिहितो. ५ जून २०२५ला स्विच २ आला तेव्हा निन्टेन्डोने जपानसाठी दोन प्रकार काढले. फक्त जपानी भाषेत चालणारा ४९,९८० येनला आणि सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला, तोही फक्त निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात. अमेरिकेत किंमत ४५० डॉलर. येन इतका घसरलाय की एकच किंमत ठेवली असती तर बाहेरच्यांनी इथली दुकानं रिकामी केली असती, नाहीतर इथल्या पोरांना परवडलं नसतं. स्वस्तातल्या यंत्रावर जपानचंच खातं चालतं, त्यामुळे ते पुण्याला नेऊन उपयोग नाही. भाचे-पुतणे रुसतात, पण इलाज नाही.

म्हणजे आता मुलखाची भिंत कंपनीने यंत्राच्या आतच बांधली.

---

सोनचाफा

मी नेहमी वाचनमात्र असते. मुलगा दहा वर्षांचा आहे, स्विचसाठी हट्ट धरून बसलाय. आम्ही नाशिकला. वरचं सगळं वाचून आणखी गोंधळले. घ्यावा का?

---

लॅमिंग्टनचा_पोरगा

ताई, निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे आणलेलाच नाही. दुकानात मिळतो तो बाहेरून आलेला. तेव्हा घेताना तीन गोष्टी विचारा: कुठल्या देशाचा आहे, बिल पक्कं देणार का, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार. कंपनीची वॉरंटी इथे धरू नका. दुकानदार स्वतःची देत असेल तर कागदावर लिहून घ्या. जपानी भाषेतला स्विच २ कुणी स्वस्तात देऊ केला तर हात लावू नका.

निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात भारत हा पर्यायच नाही, दुसऱ्या देशाचं खातं काढावं लागतं आणि आपली कार्डं तिथे नेहमी चालतात असं नाही. म्हणून गेम शक्यतो कार्ट्रिजवर घ्या, खेळून झाल्यावर विकताही येतात. मारिओ आणि झेल्डाला तर गिऱ्हाईक लगेच मिळतं.

---

बटणबहाद्दर

आणि मुलाच्या मित्रांकडे काय आहे ते आधी विचारा.

---

खडकीचा_खेळिया

@बटणबहाद्दर, हे तुम्ही लिहिलंत? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.